वॉर्डातील मन आणि डॉक्टरांची नजर

रुग्णालयात भरती होणाऱ्या प्रत्येक माणसाच्या केसपेपरावर रोगाचे एक नाव लिहिलेले असते. हिवताप, क्षय, मोडलेले हाड, विषबाधा, अवघड बाळंतपण. पुढचे सारे उपचार त्या नावामागे जातात, औषधे त्या नावाने मिळतात आणि वर्षअखेरीस सरकारी तक्त्यात रोगी मोजला जातो तोही त्याच नावाखाली. या रोग्याला आणखीही काही झालेले असू शकते आणि ते शरीरास नसून मनास झालेले असू शकते, ही शक्यता केसपेपरावर क्वचितच उतरते. मोठ्या शहरातील वैद्यकीय महाविद्यालयात निदान शेजारच्या इमारतीत मनोविकार विभाग असतो. वरोरा, चिमूर, आरमोरी अशा तालुक्याच्या गावी रोग्याच्या मनाकडे पाहायचे झाल्यास ते पाहणार कोण? जो डॉक्टर सकाळी ओपीडी, दुपारी शवविच्छेदन आणि रात्री बाळंतपण पाहतो, तोच. मनोविकारशास्त्राचे विशेष शिक्षण न घेतलेल्या या डॉक्टरची नजर मनाच्या आजाराबाबत कितपत अचूक असते, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा आहे.

या प्रश्नाचा शोध जगात बराच घेतला गेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १४ देशांतील १५ केंद्रांवर केलेल्या पाहणीचे निष्कर्ष १९९५ साली प्रसिद्ध झाले. त्या केंद्रांत आपले बंगळूरही होते. सामान्य दवाखान्यांत येणाऱ्या रोग्यांपैकी सुमारे २४ टक्क्यांना कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे त्या पाहणीत आढळले आणि त्यांपैकी जेमतेम निम्म्यांचाच विकार डॉक्टरांच्या लक्षात आला होता. पुढे २००९ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात ११८ अभ्यासांचा आणि पन्नास हजारांहून अधिक रोग्यांचा एकत्रित हिशेब प्रसिद्ध झाला. तो केवळ नैराश्याच्या आजारापुरता आणि सामान्य दवाखान्यांपुरता होता. पण त्यातले अंकगणित समजून घेण्यासारखे आहे.

समजा, डॉक्टरांपुढे शंभर रोगी आले आणि त्यांतील वीस जणांना खरोखर नैराश्याचा आजार आहे. डॉक्टर या विसांपैकी दहा जणांना ओळखतो, दहा जण निसटतात. उरलेल्या ऐंशी जणांपैकी पासष्ट जणांना तो बरोबर निरोगी ठरवतो. परंतु पंधरा जणांवर नसलेल्या नैराश्याचा शिक्का मारतो. म्हणजे ज्या पंचवीस जणांना तो नैराश्यग्रस्त म्हणतो, त्यांत खरे दहाच असतात. आता हाच डॉक्टर अशा ठिकाणी बसवा, की जेथे शंभरात दहांनाच आजार आहे. त्याची नजर तीच राहिली, तरी तो पाच जणांना बरोबर ओळखील आणि सतरा जणांना उगाच रोगी ठरवील. नजर न बदलता निदानाचा भरवसा घसरतो. कारण आजार जितका विरळ, तितके चुकीचे शिक्के अधिक. संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात नवल वाटणार नाही. सामान्य वाचकाला मात्र वाटेल. कारण डॉक्टर चुकतो म्हणजे त्याला रोग दिसत नाही, एवढाच अर्थ आपण सहसा घेतो. नसलेला रोग दिसणे हीदेखील चूकच आणि तिचीही किंमत रोगीच मोजतो.

येथे डॉक्टरांना न्याय देणेही आवश्यक आहे. रोगी निरोगी असेल तर तसे सांगण्यात ते बहुतेक वेळा बरोबर असतात आणि तोच रोगी पुन:पुन्हा येत राहिला तर त्यांची ओळख सुधारते. एका भेटीत जे हुकते, ते तिसऱ्या भेटीत सापडण्याचा संभव वाढतो. प्रश्न असा, की कापूस वेचणीच्या दिवसांत मजुरी बुडवून आलेली बाई तिसऱ्यांदा येईल काय?

दवाखान्यातून वॉर्डात गेले, की चित्र अधिक गुंतागुंतीचे होते. वॉर्डात मनाचे आजार असलेले रोगी ढोबळमानाने दोन तऱ्हांचे दिसतात. एक गप्प, दुसरा गडबड करणारा. गप्प रोग्याचा कोणालाच त्रास नसतो. तो औषध घेतो, भिंतीकडे तोंड करून पडून राहतो, नातेवाइकांनी आणलेला डबा तसाच परत पाठवतो. परिचारिका त्याला ‘शांत पेशंट’ म्हणतात आणि डॉक्टरांच्या फेरीत त्याच्या खाटेपाशी सर्वांत कमी वेळ जातो. गडबड करणाऱ्याकडे मात्र सर्वांचे लक्ष जाते. पण जे नाव त्याला मिळते ते बहुधा चुकीचे असते. तो सलाइन उपटतो, नसलेली माणसे पाहतो, घरच्यांना ओळखत नाही. ‘डोक्यावर परिणाम झाला’ असे नातेवाईक म्हणतात आणि पुष्कळदा डॉक्टरही तेच मनात धरतात.

जुन्या मराठीत या अवस्थेला अगदी नेमका शब्द होता: ‘रोग्याला वात झाला’. आज डॉक्टर तिला डेलिरियम म्हणतात. ही अवस्था मनोविकार वाटली, तरी तिचे मूळ शरीरात असते. ताप, जंतुसंसर्ग, रक्तातील साखर वा क्षार यांचा बिघाड, औषधाची मात्रा, यांमुळे मेंदूचे काम तात्पुरते विस्कटते. मूळ कारण दूर केले तर रोगी बहुधा ताळ्यावर येतो. ते न करता त्याला झोपेची सुई देऊन गप्प केले तर प्राणही जाऊ शकतो. शिवाय वात झालेला प्रत्येक रोगी आरडाओरडा करीतच असतो असे नाही. काही जण नुसते मलूल होऊन पडून राहतात आणि मग त्यांना नैराश्य आले आहे असा समज होतो. नैराश्याच्या संशयावरून मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलेल्या ६७ वृद्ध रोग्यांची तपासणी अमेरिकेत झाली. तिचा अहवाल १९९५ साली आला. त्यांतील २८ जणांना प्रत्यक्षात वात झालेला होता. पाठवणारे डॉक्टर साध्या दवाखान्यातले नव्हते, सुसज्ज रुग्णालयातले होते.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या पट्ट्यात ही चूक होण्याच्या जागा अमेरिकेपेक्षा अधिक आहेत. जंगलभागातील फाल्सिपेरम जातीचा हिवताप मेंदूपर्यंत पोचला, की रोगी बरळू लागतो, आणि त्याला डॉक्टरकडे न्यायचे की पुजाऱ्याकडे, यातच मोलाचे तास जातात. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावर दिल्या जाणाऱ्या सायक्लोसेरीनने काहींना भास होतात, काहींना टोकाची खिन्नता येते. कुष्ठरोगात उद्भवणाऱ्या दाहावर स्टेरॉइड देतात. त्यानेही मनाचा तोल जाऊ शकतो. कीटकनाशकाच्या विषबाधेवर अ‍ॅट्रोपीन हे जीव वाचवणारे औषध. पण ते गरजेपेक्षा अधिक गेले, तर रोगी लालबुंद होऊन बडबडू लागतो, हवेत हात चालवतो. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली व वीसहून अधिक दगावले. कपाशीच्या मुलखातील डॉक्टरांना हे औषध किती परिचयाचे आहे, हे त्यावरून कळावे. अशा रोग्याचे बरळणे विषामुळे आहे, औषधामुळे आहे, की ज्या दु:खापोटी त्याने विष घेतले त्यामुळे आहे, हे तिन्ही प्रश्न एकाच खाटेपाशी एकाच वेळी उभे राहतात. सिकलसेलच्या रोग्याची गोष्ट याच्या उलट. त्याच्या वेदना खऱ्या असतात. पण बाहेरून सूज नाही, जखम नाही, म्हणून त्याला ‘नाटकी’ ठरवण्याचा मोह होतो. येथे मनोविकाराचे नाव अज्ञान झाकण्यासाठी वापरले जाते.

दारूचा विषय स्वतंत्रपणे पाहावा लागतो. रोज पिणारा मनुष्य पाय मोडून भरती होतो. दारू अचानक बंद पडते. पहिल्या दिवशी हात थरथरतात, तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याला अंगावर किडे चालताना दिसतात, घाम सुटतो, नाडी धावू लागते. हा दारू सुटल्याचा वात आहे, हे ओळखले तर त्यावर उपचार साधे आहेत. न ओळखले तर तो घातक ठरू शकतो. ओळखण्याचा एकमेव मार्ग म्हणजे भरती करतानाच ‘दारू घेता का, शेवटची कधी घेतली?’ असे विचारून ठेवणे. आता गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपूर जिल्ह्यात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठवली गेली. दारूबंदी इष्ट की अनिष्ट हा वाद येथे प्रस्तुत नाही. पण ज्या गोष्टीवर कायद्याने बंदी आहे, ती केल्याचे सरकारी रुग्णालयात सरकारी डॉक्टरपुढे कोण कबूल करील? बायको तर नाहीच करणार. अशा जिल्ह्यात प्रश्न विचारण्याची रीत डॉक्टरने बदलली नाही, तर त्याच्या केसपेपरावर सगळेच निर्व्यसनी आढळतील आणि तिसऱ्या रात्री त्यांतले काही ‘वेडे’ होतील.

डॉक्टरांना हे दिसत का नाही? त्यांची बुद्धी कमी म्हणून खास नव्हे. एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात मनोविकारशास्त्राला आजवर सावत्र मुलाची जागा मिळाली. १९९७ च्या नियमांत त्याच्या वॉर्डातील प्रशिक्षणासाठी दोन आठवडे होते. २०१९ पासूनच्या नव्या अभ्यासक्रमात परिस्थिती थोडी सुधारली, तरी अंतिम परीक्षेत या विषयाचा स्वतंत्र पेपर नाही. मेडिसिनच्या पेपरात तो कोठेतरी बसवलेला असतो. ज्याचा पेपर नाही त्याचा अभ्यास विद्यार्थी किती करतात, हे शिक्षकांना सांगावयास नको. त्यातून वेळेची टंचाई. रोग्याला डॉक्टर किती वेळ देतो याची ६७ देशांतील आकडेवारी २०१७ मध्ये एकत्र केली गेली. स्वीडनमध्ये हा वेळ साडेबावीस मिनिटे, बांगलादेशात ४८ सेकंद. भारताची जागा या रांगेत बांगलादेशाच्या बाजूला आहे. दोन मिनिटांत घसा पाहता येतो, मन नाही.

रोगीही डॉक्टरला मदत करीत नाही. ‘माझे मन उदास आहे’ असे म्हणत कोणी सरकारी दवाखान्याची चिठ्ठी काढत नाही. तो म्हणतो, डोके जड वाटते, अंगात ताकद नाही, छातीत धडधडते, झोप लागत नाही, गॅस वर चढतो. या तक्रारी खोट्या नसतात. मनाचे दु:ख शरीराच्या भाषेत सांगणे हीच आपल्याकडची रीत आहे. डॉक्टर त्या भाषेचा शब्दश: अर्थ लावतो आणि शक्तीच्या गोळ्या, आम्लपित्ताच्या गोळ्या व जमल्यास एक सलाइन देतो. रोगी घरी माडिया वा गोंडी बोलणारा असेल, तर ही भाषादेखील दुभाष्याकडून येते आणि दुभाषी बहुधा सोबत आलेला नातेवाईक असतो. ज्याच्यामुळे सुनेची झोप उडाली आहे, तोच तिची तक्रार भाषांतर करून सांगत असेल तर काय ऐकू येणार?

आणखी एक कारण आहे, ज्याची चर्चा फारशी होत नाही. काही वेळा डॉक्टरला दिसते, पण तो लिहीत नाही. लिहिले तर पुढे काय करायचे? विदर्भातील सामान्य माणसाच्या कानी मनोरुग्णालय म्हटले, की एकच गाव येते, ते नागपूर. १८६४ पासूनचे ते रुग्णालय. ‘नागपूरला पाठवा’ या दोन शब्दांनी या भागात पिढ्यान्‌पिढ्या माणसांची चेष्टा होत आली आहे, जशी पश्चिम महाराष्ट्रात येरवड्याच्या नावाने होते. लग्नाच्या मुलीच्या कागदावर असा आजार नोंदवणे डॉक्टरला क्रूरपणाचे वाटते आणि त्याचे हे वाटणे अगदीच निराधार म्हणता येणार नाही. देशात दर लाख लोकसंख्येमागे एक मनोविकारतज्ज्ञदेखील पुरता नाही. ज्या मालाला बाजार नाही त्याचे उत्पादन होत नाही. ज्या निदानापुढे उपचाराची वाट नाही, ते निदानही होत नाही. म्हणून डॉक्टरांसाठी आणखी एक शिबिर भरवून नजर सुधारेल, ही आशा अपुरी आहे. नुसती प्रश्नावली भरून डॉक्टरच्या हाती दिल्यानेही रोग्यांच्या प्रकृतीत फारसा फरक पडत नाही, असेच अनेक अभ्यासांत दिसले. ओळखल्यानंतर रोग्याशी बोलणारे, त्याच्या घरी जाणारे, औषध चालू आहे का हे पाहणारे कोणी असेल, तरच ओळखण्याला अर्थ येतो.

असे कोणी तज्ज्ञच असले पाहिजे काय? या प्रश्नाचे उत्तर देण्याचा अधिकार वरोऱ्याला इतरांपेक्षा अधिक आहे. १९५१ साली या गावाच्या वेशीवर आनंदवन उभे करणारे बाबा आमटे वरोऱ्यात वकिली केलेले गृहस्थ होते, डॉक्टर नव्हते. कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये जाऊन त्यांनी कुष्ठरोगाचे शिक्षण घेतले. पुढे देशभर जी कुष्ठरोगशोध मोहीम चालली, तीही त्वचारोगतज्ज्ञांनी चालवली नाही. अल्पकाळ शिकवलेले कर्मचारी दारोदार गेले, अंगावरचे चट्टे पाहिले, त्यांवर संवेदना आहे की नाही हे तपासले आणि संशयित रोग्यास डॉक्टरपुढे आणले. १९८३ च्या सुमारास दर दहा हजारांमागे सुमारे ५८ असलेले रुग्णांचे प्रमाण २००५ अखेर एकाच्या खाली आले, त्यात बहुविध औषधोपचाराचा वाटा मोठा होता. पण औषध ज्याच्यापर्यंत पोचायचे तो रोगी शोधून काढला या साध्या माणसांनी. मनाच्या आजारात बधिर चट्ट्यासारखी हाताला लागणारी खूण नाही, हा फरक खरा आहे. तेथे खूण मिळते ती विचारण्यातून आणि ऐकण्यातून. पण विचारणे व ऐकणे शिकवता येते.

त्याचे दोन पुरावे मराठी मुलखातले आणि त्याच्या शेजारचे आहेत. गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत व खाजगी दवाखान्यांत स्थानिक, बिगरडॉक्टर समुपदेशक नेमून पाहिले. त्याचा अहवाल २०१० मध्ये आला. सरकारी केंद्रांत असा समुपदेशक होता तेथे सहा महिन्यांत सुमारे ६६ टक्के रोगी बरे झाले, नव्हता तेथे सुमारे ४२ टक्के. खाजगी दवाखान्यांत मात्र विशेष फरक पडला नाही. तेथील डॉक्टर ओळखीच्या रोग्याला मुळातच काहीसा वेळ देत असावेत. दुसरा प्रयोग अमरावती जिल्ह्यातील तीस खेड्यांतला, ‘विश्राम’ या नावाचा. गावातील कार्यकर्ते, समुपदेशक आणि भेटीला येणारा तज्ज्ञ अशी ती साखळी होती. नैराश्यग्रस्तांपैकी मदतीपर्यंत पोचणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. शंभरातले त्र्याहत्तर अद्याप बाहेरच राहिले, हेही त्याच आकड्यातून दिसते.

तालुक्याच्या रुग्णालयाने सुरुवात कोठून करावी? सर्व रोग्यांची मने एकदम तपासू म्हटले, तर वर सांगितलेल्या गणितानुसार चुकीच्या शिक्क्यांचाच ढीग पडेल. जेथे धोका सर्वांत दाट आहे तेथून आरंभ केलेला बरा, आणि तो विष घेऊन आलेल्या रोग्यांत आहे. ज्याने एकदा जीव देण्याचा प्रयत्न केला, तो पुन्हा करण्याचा धोका इतरांहून कितीतरी मोठा असतो. तरीही पुष्कळ ठिकाणी या रोग्याचे पोट धुतले जाते, अ‍ॅट्रोपीन दिले जाते, पोलिसांना कळवले जाते, आणि पाचव्या-सहाव्या दिवशी तो घरी जातो. कागदावर ‘चुकून प्राशन’ असे असते. कारण आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता आणि घरच्यांना पोलीस नको असत. आता ती सबब राहिलेली नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने अशा व्यक्तीवर तीव्र ताण होता असे गृहीत धरले आहे आणि तिच्यावर उपचार करून पुनर्वसन करण्याचे कर्तव्य सरकारवर टाकले आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर जुन्या दंडसंहितेचे ३०९ कलम घेतलेलेच नाही. सरकारी अधिकाऱ्याला त्याच्या कामापासून अडवण्यासाठी केलेल्या प्रयत्नापुरताच तो गुन्हा उरला आहे. कायदा बदलला, केसपेपर लिहिणारा हात अजून जुन्या वळणाचा आहे.

या रोग्यांसाठी काय करावे, याचाही अनुभव उपलब्ध आहे. जागतिक आरोग्य संघटनेने चेन्नई, कोलंबो यांसह पाच शहरांतील रुग्णालयांत १,८६७ रोग्यांवर एक साधा उपाय करून पाहिला व २००८ मध्ये त्याचे निष्कर्ष जाहीर झाले. निम्म्या रोग्यांना नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्यांशी घरी सोडताना तासभर बोलणे झाले आणि पुढील दीड वर्षात नऊ वेळा फोन करून किंवा घरी जाऊन त्यांची विचारपूस केली गेली. हे काम डॉक्टरांबरोबर परिचारिका व इतर कर्मचारीही करीत होते. दीड वर्षाअखेर पहिल्या गटातील २.२ टक्के रोगी आत्महत्येने गेले होते. दुसऱ्या गटातील ०.२ टक्के.

त्या नऊ भेटींचे वेळापत्रक ठरलेले होते: पहिला, दुसरा, चौथा, सातवा आणि अकरावा आठवडा, मग चौथा, सहावा, बारावा आणि अठरावा महिना. वरोरा तालुक्यातील एखादा शेतकरी जुलैच्या आरंभी, दुबार पेरणीच्या चिंतेत विष घेऊन आला व वाचला, तर त्याची पाचवी विचारपूस सोयाबीन कापणीला येण्याच्या सुमारास होईल. सहावी दिवाळीच्या आसपास, कापसाची पहिली वेचणी घरात आली असता. सातवी जानेवारीत, देणेकरी दारात येण्याच्या दिवसांत. आणि आठवी बरोबर पुढच्या पेरणीला, जेव्हा बियाण्यासाठी पैसे कोठून आणायचे हा प्रश्न त्याच्यापुढे पुन्हा उभा असेल. या नऊ तारखा लिहायला डिस्चार्ज कार्डाची मागची कोरी बाजू पुरते.